आगरातलं डिझेल बंद करताना

श्रीवर्धन तालुक्यात समुद्राला लागून आमचं वीस गुंठ्यांचं आगर आहे. पोफळी, माड, मधूनमधून जायफळ आणि मिरीचे वेल. 2025 च्या उन्हाळ्यापासून ते सौर पंपावर शिंपलं जातं. त्याआधी नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, उमेदीच्या काळापासून तिथे डिझेल इंजिन होतं. हा बदल सरकारी अनुदानातून झाला. योजना राज्यभर एकच आहे, पण किनाऱ्यावरच्या बागायतदाराला ती मिळवताना ज्या अडचणी येतात त्या देशावरच्या शेतकऱ्याला येत नाहीत. तिकडे उघडं रान असतं. आपल्याकडे अर्ध्या एकराला डझनभर हिस्सेदार असतात आणि डोक्यावर पोफळींची सावली. माझा सगळा वेळ या दोन गोष्टींनी घेतला, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी इंजिनाबद्दल. पाच हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं, हँडलवर चालू होणारं. सक्शन पाइपाच्या तळाची झडप, म्हणजे फूटव्हॉल्व, गळत असेल तर पाइपात बादलीने पाणी भरायचं, लिव्हर उचलून हँडल मारायचं, वेग आला की लिव्हर सोडायचा. हँडल उलटं फिरलं तर मनगटाची काही खैर नाही. नानांचं उजवं मनगट त्यात एकदा मोडलंय आणि थंडीत अजून दुखतं. विहिरीला लागून जांभ्याच्या चौथऱ्यावर ते बसवलं होतं. चालू होताना काळा भक्क धूर, मग करडा, आणि तो पोफळींच्या खाली साचून राहायचा, कारण आगरात वारा वरच्या वर निघून जातो. सायलेन्सरच्या तोंडासमोर जायफळाचं झाड आहे. त्याच्या पानावर बोट फिरवलं की बोट काळं व्हायचं. पावसाळ्यात पानं धुऊन निघायची आणि दिवाळीनंतर शिंपणं सुरू झालं की आठवड्याभरात परत तेच.

त्या धुरात नाना वर्षानुवर्षं तीन-तीन, चार-चार तास उभे राहिले. पाट वळवायचा, आळी भरली की पुढच्या रांगेला जायचं, मध्येच येऊन इंजिनाचं पाणी बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूचा धूर आणि ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. गाड्यांसाठी नियम कडक होत गेले. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 आलं, पंपावरच्या डिझेलमधलं गंधक दहा लाखांत 10 भागांवर आलं. पण डिझेल चांगलं आलं म्हणून आमच्या इंजिनाला काजळी अडवणारी जाळी थोडीच बसणार होती! नव्या गाडीतला धूर गाळून बाहेर पडतो, आगरातला धूर सरळ माणसाच्या छातीत जातो. नानांचा सकाळचा खोकला ऐकताना मला हे रोज आठवायचं.

खर्चाचंही सांगते. ताशी लिटरभर डिझेल, एका पाळीला चार तास, दिवाळीपासून मे अखेरपर्यंत एक दिवसाआड. म्हणजे एका मोसमात 400 लिटरच्या आसपास. दर 90 रुपयांच्या पुढे, म्हणजे वर्षाला 36 हजारांहून जास्त, शिवाय ऑइल, नोझल, मिस्त्रीचे पैसे वेगळे. लिटरभर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशोबाने आमचं एवढंसं आगर दर मोसमाला एक टनाहून जास्त सोडत होतं. किनाऱ्यावर अशी किती आगरं आहेत ते बघितलं की हा आकडा लहान वाटत नाही.

विजेची जोडणी का नाही घेतली, असं सगळे विचारतात. घरात वीज आहे, पण आगर घरापासून लांब, आणि तिथवर पोल आलेले नाहीत. त्यातून 3 जून 2020 चं निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात त्याने काय केलं ते इथल्या कोणाला सांगायला नको. आमच्या आगराचा दक्षिणेकडचा तुकडाच्या तुकडा आडवा झाला. होते ते विजेचे खांबही पडले, आणि आमच्या वाडीत लाइट यायला महिन्याच्या वर लागला. तेवढे दिवस नानांनी हेच इंजिन चालवून वाडीला प्यायचं पाणी काढून दिलं. त्यामुळे इंजिन काढायचं म्हटलं की नाना गप्प व्हायचे, आणि त्यांचं ते गप्प होणं मला कळत होतं.

केंद्राची पीएम-कुसुम योजना 2019 साली आली. शेती डिझेलमुक्त करणं हा तिचा एक उघड लिहिलेला हेतू आहे. तिच्या ‘ब’ घटकात साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतचे स्वतंत्र सौर पंप येतात. मूळ आराखडा असा की केंद्राने 30 टक्के द्यायचे, राज्याने 30 आणि शेतकऱ्याने 40. महाराष्ट्राने शेतकऱ्याचा वाटा सर्वसाधारण गटासाठी 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 5 टक्के ठेवला. आधी हे काम महाऊर्जा या राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेकडे होतं, तेव्हा जिल्ह्याचा कोटा उघडला की भराभर संपायचा. जून 2024 च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना जाहीर झाली, साडेआठ लाख पंपांचं उद्दिष्ट ठरलं आणि अर्ज महावितरणच्या पोर्टलवर सुरू झाले. जमीन अडीच एकरांपर्यंत असेल तर 3 हॉर्सपॉवर, पाच एकरांपर्यंत 5, त्याच्या वर साडेसात. पाण्याचा शाश्वत स्रोत हवा, त्या जमिनीवर कृषी पंपाची वीजजोडणी नको, आणि आधी सौर पंपाचा लाभ घेतलेला नको. आम्ही सगळ्यात बसत होतो, कागद सोडून.

आमच्या सातबाऱ्यावर नानांच्या जोडीला त्यांचे चुलतभाऊ, त्यातल्या काहींच्या मागे त्यांची मुलं, आणि दोन माहेरवाशिणींची नावं आहेत. आगर कसतो आम्ही, वहिवाट आमची, सुपारी आम्ही उतरवतो, पण कागदावर ते सगळ्यांचं आहे. अर्जदार एकटा मालक नसेल तर बाकीच्या सर्व हिस्सेदारांचं मुद्रांकावर ना हरकत पत्र लागतं. सर्व म्हणजे सर्व. एक चुलतसासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांची वारस नोंदच झालेली नव्हती. मेलेल्या माणसाची सही आणायची कुठून? आधी मृत्यूचा दाखला, मग वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार, हरकतीची मुदत, मंडल अधिकाऱ्यांची मंजुरी, आणि मग सातबाऱ्यावर नवी नावं, म्हणजे आणखी सह्या.

दुसरं म्हणजे विहीर. नानांच्या आजोबांनी खोदलेली, जांभ्याने बांधलेली विहीर डोळ्यांसमोर आहे, तिच्यावर गाव पाणी प्यायलंय, पण सातबाऱ्यावर तिची नोंद नव्हती. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या विहिरींचं असंच आहे. नोंद नसेल तर योजनेच्या दृष्टीने तुमच्याकडे पाणीच नाही. तलाठ्यांकडे अर्ज दिला, ते येऊन बघून गेले, पंचनामा झाला, शेजारच्या दोघांनी साक्ष दिली, फेरफार निघाला. आमचे तलाठी चांगले होते. त्यांनीच सुचवलं की वारस नोंद आणि विहीर नोंद एकदमच लावा, एकामागून एक करत बसलात तर दुप्पट वेळ जाईल. हे मी ज्याला-त्याला सांगते.

सह्यांसाठी गणपतीची वाट बघितली. कोकणात हाच एक मुहूर्त असा की मुंबई, डोंबिवली, पुण्याचे सगळे हिस्सेदार एका ओटीवर सापडतात. 2024 मध्ये गणपती 7 सप्टेंबरला होते. त्याआधी मी मजकूर तयार करून तालुक्याच्या वकिलांना दाखवून आणला. मजकुरात दोन वाक्यं त्यांनी मुद्दाम घातली: पंप बसवल्याने मालकी हक्कात आणि हिश्शात काहीही बदल होणार नाही, आणि वाटपाच्या वेळी पंपाचा विचार वेगळा केला जाईल. ही वाक्यं नसती तर सह्या झाल्या नसत्या, याची मला खात्री आहे.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीआधी मी कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. डोंबिवलीचे भाऊजी म्हणाले, “वहिनी, पंप सरकारचा. उद्या सरकार म्हणालं जमीन पण आमची, तर?” शंका विचारणं चूक नव्हतं. ज्यांच्या आयुष्यात सरकारी कागद म्हणजे फक्त नोटीस, त्यांना दुसरं काय वाटणार? मी त्यांना शासन निर्णयाची छापील प्रत वाचायला दिली. ते ओटीवर बसून ती शेवटपर्यंत वाचत राहिले. मग नानांच्या मोठ्या चुलतबहिणीने, आत्याबाईंनी, पेन मागितलं. त्या म्हणाल्या, “मी इथे डोक्यावरून पाणी घालून झाडं जगवलीयेत. पाणी येतंय ना? मग दे इकडे.” त्यांनी सही केली आणि बाकीच्यांचं अवघडलेपण गेलं. इंदूरला असलेल्या एका दिरांनी तिकडेच नोटरी करून स्पीड पोस्टाने कागद पाठवला.

अर्ज भरणं त्यापुढे काहीच नव्हतं. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, फोटो, ना हरकत पत्र. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का हे आधी तपासावं. नानांच्या आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला होता, तो बदलून घेतला, कारण पुढचे सगळे निरोप नंबरवरच येतात. कागद तपासून झाले की पैसे भरण्याचा संदेश येतो. आमचा 10 टक्क्यांचा वाटा वीस-बावीस हजारांच्या घरात होता, तो पोर्टलवरूनच भरला. अनुदान तुमच्या खात्यात येत नाही, ते परस्पर पुरवठादार कंपनीला जातं. त्यामुळे “अनुदान जमा करायचंय, ओटीपी सांगा” असा फोन आला तर तो खोटाच समजावा. आम्हाला असा एक फोन आला होता. नोंदणी फी म्हणून एका खात्यात पैसे टाका, लगेच पंप मंजूर करतो, असं तो माणूस सांगत होता, आणि नानांचं पूर्ण नाव आणि गाव त्याला ठाऊक होतं. कुसुमच्या नावाने खोट्या वेबसाइट चालतात याबद्दल महाऊर्जाने जाहीर इशारेही दिलेले आहेत. वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना हे बसून समजावून सांगायला हवं.

पैसे भरल्यावर यादीतून पुरवठादार निवडायचा असतो. इथे घाई करू नये. मी तालुक्यात ज्यांच्याकडे आधी पंप बसले होते अशा लोकांना फोन केले आणि एकच प्रश्न विचारला: बंद पडला तर माणूस किती दिवसांत येतो? पॅनेल कोणाचं, पंप कोणाचा, हे सगळं मंजूर दर्जाचंच असतं. माणूस कुठून येणार हे महत्त्वाचं. ज्यांचा दुरुस्तीवाला पुण्याहून येतो ते किनाऱ्यावरच्या गावात एका तक्रारीसाठी घाट उतरत नाहीत.

मग आली संयुक्त पाहणी, म्हणजे महावितरणचे, कंपनीचे आणि आम्ही. कंपनीच्या मुलाने आगरात शिरल्या शिरल्या वर बघितलं आणि म्हणाला, “मॅडम, इथे ऊन कुठाय?”

खरंच होतं ते. आगर म्हणजे सावलीचीच शेती. खाली जायफळ, मिरी जगते ती सावलीमुळे. 3 हॉर्सपॉवरच्या पंपाला 3,000 वॉटची पॅनेलं लागतात. ती सगळी एका माळेत जोडलेली असतात, म्हणजे एका पॅनेलवर माडाची एक झावळी सावली टाकत असली तरी साऱ्या माळेची वीज उतरते. त्यात आपण 18 अंश अक्षांशावर. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, पण डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही झाडाची सावली उत्तरेला जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी पडते. पन्नास फुटांच्या पोफळीची चव्वेचाळीस फूट. म्हणजे पॅनेलच्या दक्षिणेला तेवढी जागा मोकळी हवी, नुसती वरून मोकळी असून चालत नाही.

मी त्यांना दक्षिणेकडच्या तुकड्यात नेलं, जिथे निसर्गमध्ये झाडं पडली होती. तिथून पुढे आमचा बांध आणि मग पुळण, त्यामुळे दक्षिणेला झाडच नाही. मी डिसेंबरच्या अखेरीस तिथे काठ्या रोवून सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावलीची टोकं खडूने दगडांवर आखून ठेवली होती. त्या मुलाने फोन काढून सगळे फोटो घेतले, विहिरीपासून अंतर मोजलं आणि म्हणाला, “जमतंय. पण ही रोपं काढावी लागतील.”

ती रोपं नानांनी वादळानंतरच्या पावसाळ्यात लावली होती. श्रीवर्धनी रोठा या सुपारीच्या जातीची, घरच्या बियांची. पोफळ लावल्यापासून फळाला यायला पाच ते सात वर्षं जातात, म्हणजे ही आता वर्ष-दोन वर्षांवर आली होती. सत्तरी उलटलेल्या माणसाने आडव्या झालेल्या बागेत परत लावलेलं झाड म्हणजे काय असतं, ते मी त्या सगळ्या वर्षांत बघितलेलं आहे. कळशीने पाणी घालायचे ते. मी त्या मुलाला म्हटलं, “उद्या कळवते.” रात्री मी विषय काढला नाही. सकाळी नाना स्वतःच कुदळ घेऊन निघाले. कडेची जी थोडी लहान होती ती मातीच्या गड्ड्यासकट उचलून त्यांनी उत्तरेच्या बाजूला, पडलेल्या जुन्या झाडांच्या खड्ड्यांत लावली. त्यातली काही जगली. बाकीची तोडली. तोडताना ते फक्त एवढंच म्हणाले, “दहा-बारा पोफळींपायी सगळ्या आगराला धूर नको.”

हे मी मुद्दाम लिहितेय. अनुदानाच्या हिशोबात पॅनेलचे पैसे असतात, जागेचे नसतात. देशावर पॅनेलखाली बांधाची जागा जाते, आपल्याकडे झाडं जातात. वीस गुंठ्यांच्या आगरात दहा-बारा पोफळींचं उत्पन्न म्हणजे काही गंमत नाही. योजना आखणाऱ्यांनी बागायतीसाठी उंच खांबांवरचा सांगाडा मान्य करावा, त्याचा वाढीव खर्च अनुदानात धरावा, अशी मागणी मी लेखी पाठवलेली आहे.

सामान आलं ते पाखाडीपर्यंत. पुढे टेम्पो जात नाही, म्हणून पॅनेलं वाडीतल्या पोरांनी डोक्यावरून आणली. आमची जमीन रेताड, खड्डा खणला की कडा ढासळायच्या. गवंडी कंपनीचा होता, बाहेरगावचा. त्याला नानांनी सांगितलं की इथे नेहमीच्या खोलीवर थांबू नकोस, ओली रेती लागेपर्यंत जा आणि खाली जांभ्याचे चिरे बसवून मग काँक्रीट ओत. नियमाप्रमाणे सांगाडा ताशी 150 किलोमीटरच्या वाऱ्याला टिकणारा हवा. निसर्गचा वारा किनाऱ्यावर येताना ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. कागदावर अंतर पुरेसं आहे, पण सांगाडा वाऱ्यात उभा राहतो तो पायावर, हे नानांना कोणी सांगायला नको होतं. नटबोल्ट गॅल्व्हनाइज केलेलेच आहेत ना, हे मी एकेक करून बघितलं. खाऱ्या हवेत साधा बोल्ट दोन पावसाळ्यांत गंजून जातो. वीजरोधक आणि अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्यावं, नंतर कोणी खणत बसत नाही.

सुरू झाला त्या दिवशी सकाळी आठला पाण्याची धार करंगळीएवढी होती. नाना माझ्याकडे बघत राहिले. दहाला ती भरली, अकराला पाइप दाबाने थरथरायला लागला आणि पाट काठोकाठ वाहिला. सूर्य चढेल तसं पाणी वाढतं, हे एकदा अंगवळणी पडलं की झालं. “ढग आले की काय?” असं ज्याला-त्याला वाटतं. अहो, आपल्याला शिंपावं लागतं तेच मुळी उन्हाच्या महिन्यांत. ढग येतात तेव्हा आभाळच शिंपत असतं. देशावरच्यांना पावसाळ्यातही पावसाने ओढ दिली की पंप लागतो. आपल्या आगराचा आणि सूर्याचा मोसम मात्र चांगला जुळतो. त्या वर्षी तर पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोकणात आला आणि पंप जूनआधीच बंद करायला लागला.

एका गोष्टीची मला खरी काळजी वाटते, ती म्हणजे विहीर खारी होण्याची. समुद्राकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी एक हात खाली गेली तर खालचं खारं पाणी साधारण चाळीस हात वर चढतं. डिझेल होतं तेव्हा खर्चाचा धाक होता, चार तास झाले की हात आपोआप लिव्हरकडे जायचा. आता पंप दिवसभर चालला तरी एक पैसा लागत नाही, आणि तेच धोक्याचं आहे. मचूळ पाणी एकदा आलं की पोफळीची पानं टोकाकडून करपायला लागतात आणि ते मागे फिरवता येत नाही. आम्ही विहिरीच्या कड्यावर लाल खूण केली आहे. पाणी तिच्या खाली गेलं की पंप बंद, मग वर कितीही ऊन असो. शिवाय सूक्ष्म तुषारसाठी अर्ज केलाय, त्याला अल्पभूधारकांना केंद्र-राज्य मिळून 80 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. सौर पंप घेणाऱ्या प्रत्येक किनाऱ्यावरच्या माणसाने हा दुसरा अर्ज पहिल्याबरोबरच करावा असं माझं ठाम मत आहे.

अडचण एकदाच आली, पण चांगलीच आली. खाऱ्या दमट हवेने कंट्रोलरच्या, म्हणजे पंप चालवणाऱ्या विजेच्या खोक्याच्या, जोडणीत हिरवट गंज धरला आणि पंप बंद पडला. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आहे, विमाही आहे, तक्रार फोनवर नोंदली गेली, पण माणूस आला तो फार उशिरा, आणि तेव्हा ऐन मार्च होता. तेवढे दिवस परत इंजिन काढलं. जायफळाची पानं परत काळी. माणूस आल्यावर काम अर्ध्या तासाचंच निघालं. आता खोक्याला वरून पत्र्याची छपरी केली आहे आणि पॅनेलं दर आठवड्याला पहाटे गोड्या पाण्याने धुतो, कारण खाऱ्या वाऱ्याचा थर दिसत नाही पण असतो.

इंजिनाचं काय करायचं, यावर घरात बरंच बोलणं झालं. विकत घ्यायला दोघे आले होते. विकलं असतं तर आमचा धूर दुसऱ्याच्या विहिरीवर गेला असता, एवढंच. अमेरिकेत 2005 च्या कायद्याने जुनी डिझेल इंजिनं बदलायला सरकारी निधी मिळतो. तिथे अट अशी आहे की बदललेलं जुनं इंजिन निकामी करायचं, त्याच्या ब्लॉकला तीन इंच रुंदीचं भोक पाडून पुरावा द्यायचा. आपल्या योजनेत नवा पंप मिळतो, जुन्या इंजिनाला कोणी विचारत नाही. जुनं जमा करणाऱ्याला भंगाराहून चार पैसे जास्त मिळाले तर लोक आनंदाने देतील. नाना मात्र वादळासाठी ते ठेवायचंच म्हणतात, आणि 2020 बघितलेल्या माणसाला नाही म्हणायला माझी जीभ उचलत नाही. विकायचं नाही आणि शिंपायला वापरायचं नाही, इथवर एकमत झालंय.

याच किनाऱ्यावर मच्छीमार बांधवांना सरकार सोसायट्यांमार्फत डिझेलवरच्या कराचा परतावा देतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. चार दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरला सूर्यावर जायचा पर्याय आज कोणी दिलेला नाही. पण जिथे पर्याय तयार आहे, तिथे तरी तो पोचला पाहिजे, आणि आमच्या वाडीत तो अजून अडतोय तो विहिरींच्या नोंदीपाशीच. ग्रामसभेत आम्ही ठराव करून घेतलाय की महसूल खात्याने गावात एक दिवस शिबिर लावून सगळ्या जुन्या विहिरींचे पंचनामे एकदम करावेत. अर्ज तहसीलमध्ये दिलेला आहे. तोवर ज्यांच्याकडे वारस नोंदी राहिल्यात त्यांनी मृत्यूचे दाखले आत्ताच मागवून ठेवावेत. मुंबई महापालिकेत नोंद असेल तर दाखला हातात यायला वेळ जातो, आणि गणपतीत सगळे जमतात तेव्हा मसुदा आणि मुद्रांक तयार पाहिजेत.